इंच शेवटी ठरले: स्विफ्टमध्ये वूफर बसवण्याचा माझा अनुभव

गाडीत वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो "किती इंची?" आणि दुसरा "किती वॅट?" दुकानदार हेच विचारतो, मित्रही हेच विचारतात. माझ्या स्विफ्टचं काम मात्र दुसऱ्या टोकाकडून झालं. डिकीत जागा किती द्यायची, गाडीवर करंटचा भार किती टाकायचा, कंपनीच्या स्टीरिओतून सिग्नल कसा काढायचा हे आधी ठरलं. इंच अगदी शेवटी ठरले.

मी गाडीत ऐकतो ते भजन, नाट्यसंगीत, अधूनमधून लावणी आणि लांबच्या प्रवासात जुनी हिंदी गाणी. आमचे अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. डाव्या पुडीला कणीक लावली की पखवाज कसा बोलतो, हे घरात कायम ऐकलेलं. कंपनीच्या दारातल्या स्पीकरमधून उजव्या पुडीचे बोल स्वच्छ यायचे, पण डाव्या बाजूचा घुमारा जवळजवळ गायब. त्यात स्पीकरचा दोष फार नाही. साडेसहा इंची कागदी कोन (स्पीकरचा हलणारा पडदा), पत्र्याच्या दारात बसवलेला, ८० हर्ट्झच्या खाली तो किती हवा हलवणार? आवाज वाढवला की दाराचा पत्राच वाजायला लागायचा.

एक गोष्ट मनाशी पक्की होती. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर बरगड्यांत जे होतं, ते मला गाडीत नको होतं. ज्यांना हवं असतं त्यांच्याशी भांडण नाही, पण त्यांचा वूफर वेगळा, डबा वेगळा आणि बजेटही वेगळं.

पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात पहिल्याच भेटीत काउंटरवर वूफरला पॉवर देणारा अ‍ॅम्प आला. खोक्यावर ठळक अक्षरांत १२०० वॅट. "साहेब, आरसे हलतील आरसे!" मी अ‍ॅम्प उलटा करून फ्यूज पाहिले. २० अँपिअरचे दोन. म्हणजे सलग ४० अँपिअरच्या वर तो गाडीकडून घेऊ शकत नाही. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.८ धरलं तर आत जाणारी पॉवरच ५५० वॅटच्या आसपास. त्यातली काही उष्णतेत जाणार. क्लास डी, म्हणजे कमी तापणाऱ्या जातीचा असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास बाहेर येते, जुन्या क्लास एबीमध्ये पूर्ण आवाजावरही ५०-६० टक्के. मग १२०० कुठून आले? तो 'मॅक्स' किंवा 'पीक'चा आकडा, क्षणभराचा, कंपनीने आपल्या सोयीने मोजलेला. दुकानदाराला हे सांगितल्यावर तो हसला आणि म्हणाला, "गिऱ्हाईक मोठा आकडाच मागतं, काय करणार!" त्याचंही खरंच होतं.

तेव्हापासून मी खोक्याचा दर्शनी भाग वाचायचं सोडलं. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट किती, किती ओहमवर (वूफरचा विरोध) आणि किती विकृतीला (आवाज बिघडण्याचं प्रमाण), हे तीनही आकडे एकत्र दिलेले असतील तरच पुढे बघायचं. काही अ‍ॅम्पवर 'सीईए-२००६' किंवा नव्या नावाने 'सीटीए-२००६' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पॉवर १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, एक टक्का विकृतीच्या आत मोजली आहे. असा शिक्का असला की दोन अ‍ॅम्पची तुलना तरी करता येते.

मग जागेचा प्रश्न. माझ्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची. आईला डॉक्टरकडे नेताना लागणारी खुर्ची, गावाहून येणारी तांदळाची पोती, सगळं त्यातच. सीटखाली बसणारा अ‍ॅक्टिव्ह वूफर, म्हणजे आतच अ‍ॅम्प असलेला चपटा डबा, हा सगळ्यात सोपा मार्ग होता आणि ज्याला डिकीला हात लावायचा नाही त्याने तोच घ्यावा. मी एका ओळखीच्या गाडीत तो ऐकला. भरणा छान होता, पण पखवाजाचा खालचा सूर येता येता विरून जात होता. आठ इंची कोन आणि एवढासा डबा, त्याला भौतिकशास्त्र नडतं. बेस ट्यूब, म्हणजे नळकांड्यात बसवलेला वूफर, तीही ऐकली. तिचा एकाच सुरात 'भूं' करण्याचा स्वभाव मला सहन होईना.

आता डबा बंद की पोर्टवाला, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला असं आजही वाटतं. पोर्टचा डबा, म्हणजे ज्याला नळकांडं किंवा फट असते तो, तेवढ्याच वॅटमध्ये जास्त जोरात वाजतो. पण ज्या सुराला तो ट्यून केलेला असतो त्याच्या खाली आवाज झपाट्याने पडतो, दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबल. शिवाय त्या सुराखाली कोनला मागून हवेचा आधार राहत नाही, म्हणून अ‍ॅम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारा, असावाच लागतो. बंद डब्यात आवाज पडतो तो दर सप्तकाला १२ डेसिबलने, हळूहळू. आणि इथे गाडी स्वतः मदतीला येते. काचा बंद असलेल्या छोट्या केबिनमध्ये खालचे सूर आपोआप उचलले जातात. घरात जो डबा कोरडा वाटेल तोच हॅचबॅकमध्ये भरदार वाटतो. बंद डबा पाडतो ते गाडी बरंचसं भरून काढते. लहान गाडी, मोजकी जागा आणि ठोका नेमका हवा, या तीन अटींना बंद डबाच बसत होता.

बाजारात तयार डबे मिळतात, पण बहुतेक बारा इंचीचे आणि पातळ पार्टिकल बोर्डचे. मी आमच्या सुताराकडून १८ मिलिमीटर एमडीएफचा करून घेतला. बाहेरून ३६ बाय ३६ बाय २६ सेंटिमीटर. १८ मिलिमीटरच्या भिंती वजा केल्या की आत साडेतेवीस लिटर उरतात, त्यातले दोनेक लिटर वूफरचं चुंबक आणि बास्केट खातात. सुतारदादांना वाटलं टीपॉय करायचाय. "एवढ्याशा खोक्याला आतून आडवी पट्टी कशाला?" त्यांनी विचारलं. भिंत थरथरली तर तीच वाजते म्हणून, असं सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून सगळ्या सांध्यांत फेविकॉल भरून वरून सिलिकॉन फिरवलं. बंद डब्यात सुईएवढी फट राहिली तरी शिट्टीसारखी फुसफुस येते. वूफर बसवल्यावर कोन हलकेच आत दाबून पाहावा. तो सावकाश परत आला तर डबा हवाबंद आहे.

साडेएकवीस लिटरच्या बंद डब्यात काय बसेल, हे ठरल्यावर इंच आपोआप ठरले. बारा इंची वूफरला साधारण एक घनफूट, म्हणजे २८ लिटर तरी लागतात. छोट्या डब्यात कोंबला तर तो मधल्या सुरांवर फुगतो आणि खाली थकतो. दहा इंचीला ही जागा चालते. कंपनीच्या कागदावर बंद डब्याची शिफारस २० लिटरच्या जवळपास आणि आरएमएस ३०० वॅट, असा दहा इंची घेतला. दोन व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची वेटोळी, प्रत्येकी ४ ओहम.

दोन कॉइल असल्या की जोडणीचे दोन मार्ग उरतात. समांतर जोडल्या तर २ ओहम, एकापुढे एक जोडल्या तर ८ ओहम. चार ओहम त्यात येतच नाही. अ‍ॅम्पचा आकडा म्हणूनच वूफरसोबत बघावा लागतो. अ‍ॅम्प ४ ओहमवर १७० वॅट आणि २ ओहमवर ३०० वॅट देतो, तर माझ्या वूफरला तो नेमका जुळतो. ब्रिज केलेला, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र जोडलेला, दोन चॅनेलचा अ‍ॅम्प मात्र बहुतेक वेळा ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेता येत नाही. २ ओहम जोडला की तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जातो. म्हणून मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, आणि क्लास डी. तीनशे वॅट पूर्ण दिले तरी तो गाडीकडून सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर घेतो. एवढंच काम क्लास एबीने केलं असतं तर चाळीसच्या घरात. गाण्यात सरासरी भार याहून पुष्कळ कमी असतो, त्यामुळे बॅटरी बदलायची गरज पडली नाही. 'कॅपॅसिटर (क्षणभराचा करंट साठवणारा भाग) घ्या' हा सल्लाही मी ऐकला आणि सोडून दिला.

वायरवर मात्र कंजूषपणा करू नये. किटच्या नावाखाली मिळणारी चकचकीत लाल वायर बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी निघते. तिचा विरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाचेक मीटर वायर जाते, आठ गेजच्या तांब्यात पूर्ण भाराला पाव-एक व्होल्ट पडतो आणि मुलाम्याच्या वायरीत जवळजवळ अर्धा. तापकीर गल्लीत मीटरवर मोजून शुद्ध तांब्याची घेतली. बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी असतो. उद्या कुठे वायर घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून. फिटिंगवाल्या पोराला फ्यूज अ‍ॅम्पजवळ लावायचा होता, "दिसायला नीट दिसतो" म्हणून. मी ऐकलं नाही.

अर्थिंगसाठी (निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला) डिकीतला पत्र्याचा बोल्ट घेतला, रंग खरवडून चकाकी येईपर्यंत. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग द्यायचं नाही, हे फिटिंगवाल्या पोराला दोनदा सांगावं लागलं.

कंपनीच्या स्टीरिओला मागे आरसीए, म्हणजे सिग्नल बाहेर काढायची टोकं, नव्हती. स्टीरिओ बदलायचा म्हणजे स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा यांचा जीव टांगणीला. मी हाय-लेव्हल इनपुट, म्हणजे थेट स्पीकरच्या वायरीतून सिग्नल घेण्याची सोय असलेला अ‍ॅम्प मुद्दाम निवडला होता, त्यामुळे मागच्या स्पीकरच्या वायरींतूनच सिग्नल मिळाला. वायर कापली नाही, कपलरला कपलर लावून मधून टॅप घेतला, म्हणजे वॉरंटीचा वाद नको. अ‍ॅम्प स्पीकरच्या वायरीतलं सहाएक व्होल्टचं डीसी ओळखून आपोआप चालू होतो, चालू-बंदचा इशारा देणारी रिमोटची वेगळी वायर ओढावी लागली नाही.

गेन म्हणजे आवाजाचं बटण, असं फिटिंगवाले समजतात. ते तसं नाही. स्टीरिओ जेवढा सिग्नल देतो त्याच्याशी अ‍ॅम्प जुळवण्याचा तो स्क्रू आहे. मी वूफरची वायर काढली, ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन पेनड्राइव्हवर टाकला, स्टीरिओ तीन-चतुर्थांशावर नेला आणि अ‍ॅम्पच्या टोकांना मल्टीमीटर लावला, एसी व्होल्टवर. हिशोब सोपा: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३०० गुणिले २ म्हणजे ६००, वर्गमूळ साडेचोवीस. मीटर २४ व्होल्ट दाखवेपर्यंत गेन फिरवला आणि थांबलो. स्क्रू अर्ध्याच्याही खाली राहिला. पोरगा म्हणाला, "दादा, अजून खूप आहे की!" पण त्याच्यापुढे गेलं की लहर वरून-खालून कापली जाते. पूर्ण कापलेली लहर त्याच अ‍ॅम्पमधून जवळपास दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते, आणि वूफर जळतात ते बहुतेक असेच. बेस बूस्टचं बटण शून्यावर ठेवलं. १२ डेसिबलचा बूस्ट म्हणजे त्या सुराला सोळापट पॉवर मागणं, आणि ती माझ्या अ‍ॅम्पकडे नाही.

लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झला. स्टीरिओतला बेस दोन घर खाली आणला, दारातल्या स्पीकरांचा भार हलका झाला. फेज, म्हणजे कोन आधी पुढे हलणार की मागे, ० आणि १८० दोन्हीवर चालकाच्या सीटवरून ऐकलं. १८० ला ठोका जास्त भरीव आला, म्हणून तेच.

पहिल्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज नंबरप्लेटचा होता. तिच्या मागे फोमची पट्टी, डिकीच्या दाराच्या पत्र्याला आतून थरथर शोषणाऱ्या ब्युटाइल रबराच्या शीट आणि पार्सल ट्रेच्या कडांना फेल्ट. हे काम कोणी खर्चात धरत नाही, पण याशिवाय चांगला वूफरही खडखडाटच वाटतो. सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास गेले.

अण्णांना पहिल्यांदा बसवलं तेव्हा अभंग लावला. ते काही बोलले नाहीत, नुसता डावा हात मांडीवर चालू झाला. नंतर म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात कणीक सुकलीय त्याची." आई मागच्या सीटवरून म्हणाली, "रात्री सोसायटीत शिरताना कमी करत जा रे." तिचं बरोबर आहे. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खालचे सूर काचा-भिंतींना जुमानत नाहीत. गेटच्या आधीच्या गतिरोधकावर मी आता आवाज खाली आणतो.

कोकणात जाताना डिकी पूर्ण लागते. डबा वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधलाय आणि स्पीकरची वायर प्लगने सुटते, त्यामुळे तो उचलून घरात ठेवता येतो. निघण्याआधी अ‍ॅम्पचा फ्यूज काढायचा आणि मोकळ्या प्लगला टेप गुंडाळायची, म्हणजे आंब्याच्या पेट्या घासल्या तरी शॉर्ट होत नाही.