रात्र ओट्यापाशी सुरू होते

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आमच्या विद्यार्थी-फ्लॅटमध्ये सहा जणांत एकच स्वयंपाकघर. सप्टेंबरात फ्रेशर्स वीक, म्हणजे विद्यापीठातल्या नव्या मुलांचा पहिला आठवडा, सुरू झाला आणि रात्री आठला माझ्या कुकरशेजारी व्होडकाच्या बाटल्या येऊन उभ्या राहिल्या. बाहेर पडण्याआधी घरीच पिऊन घ्यायचं, याला इथे प्री-ड्रिंक्स म्हणतात. कारण पैशांचं. क्लबमधल्या तीन-चार पेगांच्या पैशात सुपरमार्केटची अख्खी बाटली येते.

पबमध्ये बहुधा 25 मिलिलिटरचं माप असतं. घरी कॉफीच्या मगात अंदाजाने ओततात. त्यात रिंग ऑफ फायर नावाचा पत्त्यांचा खेळ. राजा निघाला की आपल्या मगातलं थोडं मधल्या भांड्यात ओतायचं, आणि चौथा राजा ज्याच्या हाती येईल त्याने ते सगळं प्यायचं. नव्या मुलांना ओळख करून घ्यायची असते, एकटं पडायचं नसतं. नाही म्हणणं किती अवघड असतं ते मी संत्र्याचा रस घेऊन बसले तेव्हा कळलं.

इथे दारू युनिटमध्ये मोजतात; एक युनिट म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 70 सेंटिलिटरच्या साध्या व्होडकात सुमारे 26 युनिट. शरीर तासाला साधारण एकच युनिट बाहेर टाकतं. दहा वाजेपर्यंत दहा युनिट पोटात गेली, तर ती उतरायला जवळजवळ सकाळ होते. आणि आमची एक मैत्रीण तर एका रात्री एवढं पिऊन साडेअकराला वेस्ट स्ट्रीटवर क्लबच्या रांगेत उभी, आत जाऊन पुन्हा पिणार. घरी प्यायल्याने बाहेरचं पिणं कमी होत असेल असं मला वाटायचं. अभ्यास उलट सांगतात: अशा रात्री एकूण दारू वाढतेच.

सगळ्यात भीती वाटते ती ब्लॅकआउटची. खूप दारू भराभर चढली की मेंदू नवी आठवण साठवणंच थांबवतो. माणूस बेशुद्ध नसतो. चालतो, हसतो, उत्तरंही देतो. बघणाऱ्याला वाटतं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी मात्र त्या तासांतलं काहीच आठवत नाही. गैरफायदा घेणाऱ्याला हे पुरतं ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा तो अनोळखी नसतो. त्याच रात्री, आमच्याच ओट्यापाशी पत्ते खेळलेला एक मुलगा "मी हिला घरी सोडतो" म्हणाला. स्वतः तो फारसा प्यायलेला नव्हता. त्या मैत्रिणीला टॅक्सीचं दार उघडता येत नव्हतं. आम्ही दोघी तिच्यासोबत गेलो. त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही. पण मी त्या टॅक्सीत बसले याचं समाधान अजून आहे.

हे आईला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "पण तिने इतकी प्यायचीच कशाला?"

मी चिडले नाही. आपल्याकडे हाच प्रश्न आधी येतो. तिला इथला कायदा सांगितला. संमती देण्याचं भान दारूमुळे उरलेलं नसेल तर ती संमतीच नाही, दारू तिने आपण होऊन घेतलेली असली तरी. हे इथल्या वरिष्ठ न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केलं. आणि "मीही प्यायलो होतो" म्हणून पुरुष सुटत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेतही नशेमुळे परिणाम न कळता दिलेला होकार हा होकार धरत नाहीत. बारमध्ये अडचण आली तर काउंटरवर "अँजेला आहे का?" विचारायचं, म्हणजे तिथले लोक खूण ओळखून गुपचूप मदत करतात, ही 2016 मध्ये लिंकनशायरात सुरू झालेली सोयही सांगितली. अत्याचार झालाच तर खास केंद्रं आहेत. तिथे पोलिसांकडे न जाताही तपासणी होते, नमुने जपून ठेवतात, पैसे पडत नाहीत.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्यावर कधी वेळ आली तर आधी मला फोन कर. किती वाजलेत बघू नकोस. प्यायली होतीस का, ते मी विचारणार नाही."