कापसाच्या खोलीतला रियाज

आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप टिनाचा आहे. तिथं काहीही म्हटलं तरी गोड लागतं. आवाज पत्र्यावर आपटून परत येतो, वर खंजिरी, टाळ आणि पेटी. भजनी मंडळात मी अकरा वर्षं तिथंच गायले, आणि आपण सुरात आहोत यावर मला कधी शंका आली नाही.

यंदा भाव नव्हता म्हणून कापूस विकला नाही. समोरची खोली आढ्यापर्यंत भरली. देव्हारा त्याच खोलीत, म्हणून संध्याकाळी गंजीला टेकूनच भूप रागातलं भजन म्हणायला बसले, आणि दोन ओळींत थांबले. घुमणं मुळीच नव्हतं. कापूस सगळा आवाज पिऊन घेत होता. उरला तो नुसता माझ्या गळ्यातला सूर, आणि तो डळमळत होता.

मग मोबाइलवर टेप केलं. गाताना आपला आवाज हाडांतूनही आपल्या कानापर्यंत जातो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो. टेपमध्ये तो भरणा नसतो. पहिल्या दिवशी मी ऐकून फोन उपडा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले.

भूपात मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नि, नाहीत. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. मला हे पाठ होतं. तरी वरच्या सा वरून ध ला उतरताना माझा गळा दर वेळी नि ला शिवून येत होता. अकरा वर्षांत मला तो एकदाही ऐकू आला नव्हता.

मास्तरांना टेप ऐकवली. ते मंडळात पेटी धरतात. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "बाई, तू गाऊन नाही राह्यली. पेटीच्या मांगं मांगं चालून राह्यली. पेटी बंद कर अन् मंग म्हन."

पेटी वाजवणाऱ्या माणसानंच हे सांगावं, याचं मला फार वाटलं. त्यांनी पेटीवर गंधार, म्हणजे ग, दाबून दाखवला. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्यानं. आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती, त्याच्या कारणांत हेही एक होतं. मला मात्र त्या बारीक फरकापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. पेटीचा सूर आधी येतो आणि मी त्यावर जाऊन बसते. स्वतःहून सूर शोधायची वेळच माझ्यावर आली नव्हती.

मोबाइलमध्ये तानपुरा घेतला. मंडळ काळी एकला गातं, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. एकटीसाठी मी काळी चार धरली, तर गळ्यावरचा ताण लगेच उतरला. मग फक्त सा, ध, सा. शब्द नाहीत, ताल नाही. ध वर थेट उतरायचं, वाटेत कुठं टेकायचं नाही. नि जायला सतरा दिवस लागले.

अंतऱ्यातला वरचा सा मात्र तरीही उतरलेलाच लागायचा. मी त्याच स्वरावर जोर देत राहिले आणि तो आणखी बिघडत गेला. टेप चार-पाच वेळा ऐकल्यावर कारण सापडलं, ते दोन शब्द मागं होतं. तिथं मी एक अक्षर उगाच लांबवत होते. श्वास तिथंच संपायचा आणि सा पर्यंत पोचेस्तोवर छातीत काही उरायचं नाही. ते अक्षर आखूड केलं, शब्दाच्या आधी श्वास घेतला. वहीत त्या जागी लाल रेघ आहे.

फेब्रुवारीत गाडी भरून कापूस जिनिंगला गेला. खोली रिकामी झाली आणि आवाज पुन्हा घुमायला लागला. मी दोरी बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. कापसाइतकं नाही, पण चालतं. काल त्या खोलीत केलेली टेप मास्तरांना दिली. त्यांनी अंतरा दोनदा ऐकला.

"नि गेला," ते म्हणाले. "सा अजून येवढासा खाली हाय."

आज रात्री जेवणं आटपल्यावर पुन्हा तोच अंतरा घेणार आहे.