वळायला माणसं लागतात

"खायला कुणी नसलं तरी चालतं गं, वळायला मात्र चार माणसं लागतात," शेजारच्या काकू आज नाताळचं कुलकुल, म्हणजे मैद्याचा छोटा गोड पदार्थ, वळता वळता सहज बोलून गेल्या आणि माझा हात तिथेच थांबला.

मैद्याची छोटीशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची, अंगठ्याने पसरायची आणि अलगद गुंडाळायची की शिंपल्यासारखी रेघारेघांची गुंडाळी तयार. काकूंची दहा होतात तेव्हा माझं एक, तेही जाडजूड!

त्यांचं माहेर नगरकडचं, त्यामुळे नाताळला कुलकुलबरोबर करंज्या चकल्याही असतातच, आणि पूर्वी म्हणे अख्खी चाळ पेपर पसरून बसायची, गाणी, गप्पा, कच्चं पीठ पळवणारी पोरं. आता मुलं परदेशात, तरी काकूंनी डबे तेवढेच काढलेत, केकसाठी मनुका बेदाणे कधीचे रममध्ये भिजताहेत आणि बाल्कनीत कागदी चांदणी लागलीये.

आपण नाताळ म्हटलं की एमजी रोडची गर्दी आणि लायटिंग बघून येतो, फोटो काढतो, झालं. पण क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं आहे, जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली. म्हणजे इतकी वर्षं हा सण पुण्यातच, आपल्या शेजारच्या स्वयंपाकघरात चाललाय आणि आपण फराळाचं ताट आलं की तेवढं रिकामं करून परत देतो, करायला किती जण जातो?

रविवारी करंज्या आहेत. मी बिल्डिंगमधल्या पोरांना घेऊन जाणारे, अजून कोण येतंय?