दोरीला बांधलेला चहा

बॉस्टनमध्ये वाट चुकायची म्हटलं तरी चुकत नाही. फुटपाथवरून लाल विटांची एक ओळ जाते, मध्येच कुठे नुसता रंगाचा पट्टा. तिच्यामागून चालत राहिलं की अडीच मैलांत या गावाचा सगळा जुना इतिहास पायाखालून जातो. भाच्याने बजावून सांगितलं, "आत्या, लाल ओळ सोडू नकोस. क्लास संपला की मी तुला स्टेट स्टेशनला गाठतो."

हे स्टेशन चक्क ओल्ड स्टेट हाऊसच्या पोटात आहे. इमारत १७१३ सालची. काचेच्या टॉवरांच्या गराड्यात ती गिरगावातल्या जुन्या चाळीसारखी अंग चोरून उभी आहे, आणि तळघरातून मेट्रो धडधडत असते. छपरावर ब्रिटिश राजसत्तेचे सिंह आणि एकशिंगी घोडा. मी आधी बुचकळ्यातच पडले, राजाला हाकलल्यावर हे इथे कसे? तर १८ जुलै १७७६ ला याच सज्जातून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी लोकांनी हे दोघे खाली ओढून जाळले. आताचे नवे आहेत. शंभरेक वर्षांनी इमारतीची डागडुजी झाली, तेव्हा पुन्हा बसवलेले.

सज्जासमोर जमिनीत दगडांचं एक वर्तुळ आहे. ५ मार्च १७७०. पहाऱ्यावरच्या ब्रिटिश शिपायाला पोरांनी चिडवलं, बर्फाचे गोळे फेकले, गर्दी वाढली आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसं गेली. त्यातला क्रिस्पस अटक्स आफ्रिकन आणि स्थानिक आदिवासी वंशाचा. त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अॅडम्सने, म्हणजे पुढे देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने. आठपैकी सहा निर्दोष सुटले, दोघांच्या अंगठ्यावर डाग देऊन त्यांना सोडलं. गाव पेटलेलं असताना हे खटलं अंगावर घेणं मला पुढच्या सगळ्या लढायांहून भारी वाटलं.

मी बॉस्टनला आले होते ती मात्र चहासाठी. साल १७७३. त्याच वर्षी ऑगस्टअखेर शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि डिसेंबरात इथे कंपनीचा चहा पाण्यात गेला. कंपनी तीच, आपली ईस्ट इंडिया. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, कंपनीची तिजोरी डबघाईला आली आणि लंडनच्या गोदामांत चिनी चहा पडून राहिला. तो खपवायला पार्लमेंटने कायदा केला, त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता!

मग फेकायचा कशाला? पौंडामागे तीन पेनी कर तसाच होता, आणि विकायचा हक्क ठरावीक व्यापाऱ्यांनाच. बॉस्टनच्या त्या यादीत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे! शिवाय चोरट्या डच चहावर गब्बर झालेल्यांचा धंदा बसणार होता. देशप्रेम आणि पोट एकाच होडीत होते, असं माझं मत. भाच्याला ते फारसं पटलं नाही.

जहाज आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त, अशी मुदत होती. ती संपायच्या आदल्या दिवशी, १६ डिसेंबरला, ओल्ड साउथ मीटिंग हाऊसमध्ये हजारो माणसं जमली. गव्हर्नर जहाजं परत जाऊ देईना. रात्री डार्टमथ, एलिनोर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४० पेट्या फोडून पाण्यात ओतल्या, सुमारे ४२ टन चहा. गंमत म्हणजे तेव्हा ओहोटी होती. चहाचे ढीग चिखलात साचले आणि पोरांना ते तुडवून पसरवावे लागले.

तो ग्रिफिन्स धक्का आज शोधून सापडत नाही, भरावाखाली गेला. मुंबईकराला हे वेगळं समजवायला नको. जवळच्या खाडीत नकली जहाजं उभी करून संग्रहालय केलंय. तिथे आमच्या हाती पेटी दिली आणि आरोळी ठोकून फेकायला लावली. धप्प! टाळ्या. मग लक्षात आलं की पेटीला दोरी आहे. आत काचेमागे त्या रात्रीची म्हणून जपलेली एक खरी पेटीही आहे, आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यापेक्षा फार मोठी नाही.

चहाघरात त्या रात्री बुडालेल्या पाचही जातींचा चहा चाखायला मिळतो. बोही नावाचा काळा चहा मी कोराच घेतला. जिभेवर धुरकट, किंचित तुरट. भाच्याने कप हुंगून बाजूला ठेवला, "आत्या, यात आलं कुठाय?"

बाहेर पडलो तेव्हा पुढचा घोळका जहाजावर चढत होता, आणि अठराव्या शतकातला कोट घातलेला एक मुलगा वाकून ओली पेटी दोरीने वर ओढत होता.