कॉम्प्युटर सांगतोय तर लॅब कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. टिळकवाडीत कुणाकडं चहाला गेलो काय नि खानापूरला लग्नात जेवायला बसलो काय, प्रश्न ठरलेला: "काय ओ, कुठला मायक्रोआरएनए कुठल्या जीनला दाबतो ते कॉम्प्युटर सांगतोय न्हवं, मग परत लॅबमध्ये कशाला तपासतासा?"

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण 22 अक्षरांचा आरएनएचा तुकडा, तो आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनमध्ये बसून मेसेंजर आरएनएच्या (म्हणजे जीनचा प्रोटीन बनवायचा मेसेज नेणाऱ्या प्रतीच्या) बहुतेकदा शेपटीकडच्या भागाला चिकटतो, मग प्रोटीन कमी बनतं किंवा तो मेसेजच लवकर मोडतो. 1993 मध्ये अँब्रोस आणि रुवकुन यांना हे एका बारक्या जंतात सापडलं, नोबेल मिळायला 2024 उजाडलं!

आता घोळ असा की प्राण्यांमध्ये सगळी 22 अक्षरं जुळावी लागत नाहीत, मुख्य काम 2 ते 8 नंबरच्या अक्षरांचं, त्याला सीड म्हणतात, आणि आरएनएत अक्षरं तर चारच (ए, यू, जी, सी), त्यामुळं सीडमधल्या सहा अक्षरांचा जुळवा नुसत्या योगायोगानंही सरासरी 4096 अक्षरांत एकदा सापडतोच. खानापूर तालुक्यात 'पाटील कुठं राहतात' एवढंच विचारल्यासारखं. म्हणून टार्गेटस्कॅनसारखी, दाबले जाणारे जीन कॉम्प्युटरवर शोधणारी टूल्स अजून बघतात, ती जागा माणसापासून उंदरापर्यंत टिकून आहे का, आजूबाजूला ए आणि यू जास्त आहेत का. तरी अशा जीनची यादी कित्येकदा शेकड्यांतच राहते.

खरी अडचण मात्र पुढं आहे. मिर-122 नावाचा मायक्रोआरएनए लिव्हरमध्ये भरपूर, बाकीकडं जवळजवळ नाहीच, आणि यादीतला जीन त्या पेशीत चालूच नसेल तर दाबणार कुणाला? चालू असला तरी प्रोटीन बऱ्याचदा निम्म्यानंही उतरत नाही. वर हाच मिर-122 हेपटायटिस सीच्या व्हायरसला उलट मदत करतो, त्याच्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटून त्याला सांभाळतो, हे कुठली यादी सांगणार? यादी तशीच पाथवेच्या (म्हणजे कुठले जीन मिळून पेशीतलं कुठलं काम करतात ते दाखवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये ओतून 'कॅन्सरशी संबंध' छापणारे पेपर मी सरळ बाजूला ठेवतो.

लॅबमध्ये मग जीनची ती शेपटी काजव्याच्या ल्युसिफरेजला, म्हणजे उजेड पाडणाऱ्या प्रोटीनच्या जीनला, जोडायची, मायक्रोआरएनए घातल्यावर उजेड कमी होतो का बघायचं, नंतर सीडची जागा मुद्दाम बिघडवायची आणि उजेड परत आला तर ती जागा खरी म्हणायची. त्यातही मायक्रोआरएनए बहुतेकदा बाहेरून भरमसाठ घातलेला असतो, म्हणून पेशीतला मूळचा मायक्रोआरएनए अडवल्यावर ते प्रोटीन वाढतं का, एवढं बघितल्याशिवाय मी तरी हो म्हणत नाही.