छोटी लाइन, फूट सहा

दुपारची जेवणं आटोपली की घरात सामसूम होते आणि मी गच्चीवरच्या खोलीत माझ्या रेल्वेच्या मॉडेलवर चहाचा चोथा पसरायला जातो. दोन दिवस उन्हात वाळवलेला, चाळून घेतलेला. रुळांखालच्या मातीला याच्याइतकी चांगली वस्तू बाजारात मिळत नाही. बायकोचं म्हणणं, चोथ्यासाठी तुम्ही चहा जास्त पिता. असेलही.

परवा हाच उद्योग चालला असताना पुण्याहून आलेला नातू वर आला. पुतणीचा मुलगा, आठवीत आहे. प्लायवुडभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "आजोबा, हे रिअलिस्टिक नाही वाटत. कुणाच्या अंगणाला चिकटून रेल्वे जाते का?" मग डब्यांच्या टपावर चिकटवलेली माणसं दिसली, तसा खो खो हसला.

ग्वाल्हेरची छोटी लाइन त्याने पाहिलेली नाही, त्याचा काय दोष. २०२० मध्ये ती बंद झाली तेव्हा हा केवढासा होता. माधवराव शिंदे महाराजांची गाडी, रुळांमधलं अंतर दोन फूट, आणि त्यावरून श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर. एवढ्या अरुंद रुळांवरून एवढं लांब जाणाऱ्या गाड्या जगात मोजक्याच. टप रिकामा असलेली मी तरी कधी बघितली नाही. रिकामा टप केला असता तर ते खोटं झालं असतं.

अंगण आमच्या आत्याचं. मागच्या दारी बाज टाकलेली, बाजेवर उडदाचे पापड. इंजिन तेव्हा कोळशाचं होतं. लांबून शिट्टी आली की आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, "लुगडं धरा रे!" आम्ही चार भावंडं जुन्या लुगड्याची चार टोकं धरून बाजेवर मांडव घालायचो. गाडी अशी रमतगमत जायची की टपावरचे लोक पापडांकडे बघून काहीबाही विचारून घ्यायचे, आणि आत्या आतूनच उत्तर द्यायची. लुगडं धरायला उशीर झाला तर पापडांवर काळे ठिपके. तळल्यावर त्यातली मिरी कुठली आणि कोळसा कुठला, हे दाताखाली आल्याशिवाय कळत नसे. हात दाखवला की गाडी थांबते, असंही आत्या सांगायची. मी कधी दाखवून पाहिला नाही. थांबलीच असती तर चढून जायचं कुठे?

सांगितल्याबरोबर थांबणारी गाडी मात्र मी पाहिली आहे, जयविलास महालात, शाळेच्या सहलीत. चांदीची. जेवणाच्या टेबलावर रूळ, डब्यांवर शिंद्यांच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर, त्यात काचेच्या सुरया आणि सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी उभी राहते, परत ठेवली की निघते. प्रमाण नाही, गंज नाही, धूर नाही. आमच्या गावातलं सगळ्यात नावाजलेलं रेल्वेचं मॉडेल हे असं आहे, आणि मला म्हणे रिअलिस्टिक.

तरी नातवाच्या बोलण्यामुळे आकडेमोड करायला बसलो. माझी गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. या हिशेबाने श्योपूर गाठायचं तर सव्वादोन किलोमीटर फळी लागेल. माझ्याकडे सहा फूट आहे. सहा फुटांत बसतात ते खरे एकशेसाठ मीटर, म्हणजे आत्याचं अंगण, शेजारचं कडुलिंबाचं झाड आणि थोडा उकिरडा. जौरा, कैलारस, सबलगढ हे सगळं फळीच्या काठावरून खाली पडतं.

त्यातच आणखी एक भानगड निघाली. दोन फुटांचे सात मिलिमीटर होतात. तसे रूळ मला मिळाले नाहीत, मी नऊचे वापरले. नऊ गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे खरे अडीच फूट. हे तर बडोदे संस्थानाचं माप! म्हणजे घर ग्वाल्हेरचं आणि अंगणातून जातो डभोईचा रूळ. बरं, डभोई–मियागाम लाइन १८६२ साली सुरू झाली ती बैलांवर. रुळांवरचे डबे ओढायला बैल. तशी जोडी आणून इंजिनाच्या जागी जुंपली असती तर नातवाने मला सरळ खेळण्याच्या दुकानात पाठवलं असतं, आणि माझ्या मांडणीत तेवढंच एक अस्सल झालं असतं.

हे सगळं त्याला ऐकवलं. त्याने ऐकलं असावं, कारण मोबाइल खाली ठेवला होता. मग वाकून बाजेकडे बघितलं. पापड मी पंचिंग मशीनच्या टिकल्यांचे केलेत, प्रत्येकावर काळ्या पेनाने ठिपके देत दोन दुपारी घालवल्या. त्याने पट्टी मागितली, एक टिकली मोजली, मोबाइल परत उचलला.

"आजोबा, सहा मिलिमीटर. म्हणजे हा पापड अर्ध्या मीटरपेक्षा मोठा आहे."

"आत्या लाटायचीच मोठे," मी म्हटलं, आणि चोथ्याची चाळणी हातात घेतली.