गहाळ झालेली १४ तारीख

साडेसात महिन्यांनी आम्ही सहा जण एकाच लाँचमधून किनाऱ्याला लागलो. विमान रात्री उशिराचं होतं, म्हणून एजंटने आम्हाला सीमेन्स क्लबात आणून सोडलं आणि तो जो गेला तो गेलाच. पाय जमिनीवर होते, पण डोक्यात जहाज अजून डोलत होतं. बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, चहाचा कप टेबलावर ठेवला खरा, पण हात काही सोडला नाही. टेबल कलंडलं तर?

गप्पांची सुरुवात त्यानेच केली, पॅसिफिकमधल्या वादळापासून. मी सेकंड ऑफिसर, त्या रात्रीची लॉगबुकातली नोंद माझ्याच हातची होती: ब्यूफोर्ट ९. म्हणजे वारा ४१ ते ४७ नॉट आणि लाटा साधारण ७ मीटरच्या. लाँचमध्ये बोसनची लाट १० मीटरची होती, क्लबात पहिल्या चहाला ती १२ वर गेली. कॅडेटने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. बोसनच्या लाटा मोजायच्या नसतात.

मग कॅडेटची पाळी आली. पहिल्याच महिन्यात आम्ही त्याला सांगितलं होतं की घरची टपाल कंपनी भरसमुद्रात एका पिवळ्या बोयाला बांधून ठेवते. पोरगं लाइफजॅकेट घालून, हातात बोटहूक घेऊन दोन तास नाळेवर, जहाजाच्या पार पुढच्या टोकाला, उभं! चीफ कुक त्याला चहा द्यायला गेला आणि म्हणाला, "माझं पत्र असेल तर तेही काढ रे." तो गंमत करत होता की त्यालाही खरंच वाटलं होतं, याचा निकाल अजून लागलेला नाही. क्लबात पुन्हा विचारलं, तर गालातल्या गालात हसत चहा पीत राहिला.

एवढा वेळ तीन साब, म्हणजे आमचा थर्ड इंजिनीअर, गप्पच होता. तोही माझ्यासारखा बारा-चारच्या वॉचचा, म्हणजे बारा ते चार अशी पाळी करणारा. मी वर ब्रिजवर, तो खाली इंजिनरूममध्ये.

"आता माझी ऐका," तो म्हणाला. "पण आधी याने माझा वाढदिवस कसा खाल्ला ते सांगू दे."

झालं होतं असं. आम्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माल भरून पश्चिमेकडे निघालो होतो. रेखांश बदलेल तसं घड्याळ एकेक तास मागे घ्यायचं, आणि तो तास तिन्ही वॉचना वीस-वीस मिनिटं वाटून द्यायचा. यावर कोणी कुरकुरत नाही. पण १८० अंश रेखांशाची वाररेषा ओलांडताना सगळा हिशेब एकदम चुकता होतो आणि कॅलेंडरमधला अख्खा दिवस गळतो. कोणता गाळायचा हे कॅप्टन ठरवतो. कॅप्टन म्हणाले, सोयीचा बघ. मी बुधवारवर पेन्सिल मारली आणि मेसबाहेर नोटीस लावली: मंगळवार १३ नंतर गुरुवार १५.

तीन साबचा जन्म १४ चा. देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं.

तो नोटिशीसमोर बराच वेळ उभा होता. मी त्याला समजवायला गेलो की १५२२ मध्ये पृथ्वीला वळसा घालून आलेल्या मॅगेलनच्या खलाशांचाही एक दिवस असाच हरवला होता. त्यांच्या हिशेबाने बुधवार होता आणि बंदरावर गुरुवार. त्याचं त्याने काडीचंही समाधान झालं नाही. चीफ कुकने तर मीठच चोळलं: "साब, दिवसच नाही, तर केक कुठल्या दिवशी करू?"

त्यानंतर चौथ्या रात्री माझ्या केबिनमध्ये आवाज सुरू झाला. गर्रर्र... टक. गर्रर्र... टक. वॉच संपवून चारला आडवं व्हावं आणि उशाशी हे! जहाज लोळत होतंच, म्हणून स्टॉपवॉच लावून पाहिलं. दर सात सेकंदांनी एक टक. सगळे खण उपसले, बाटल्या टॉवेलात गुंडाळल्या, बूट काढून बाहेर ठेवले, दिव्याचं झाकणसुद्धा उघडलं. शेवटी सोफ्यावर झोपायला लागलो. रोज चारच्या चहाला हे रडगाणं ज्याच्यापुढे गायचो तो हाच, आणि मान हलवत म्हणायचा, "पॅनेल सैल झालं असेल, बघू कधीतरी."

"बेअरिंगची गोळी," तीन साब आता शांतपणे म्हणाला. "तुझ्या बंकच्या पडद्याचा रॉड पोकळ आहे. एका टोकाचं बूच काढलं, गोळी सोडली, बूच लावलं. दीड मिनिटाचं काम."

बोसनने शेवटी कप सोडला, कारण हसताना त्याला दोन्ही हात लागतात. मीही हसलो. काय करणार? मग एकदम सुचलं.

"अरे, पण ती गोळी आता कुठंय?"

तीन साबने खिसे चाचपल्यासारखं केलं. त्याच्याकडे नव्हती. माझ्याकडे तर नव्हतीच. जहाज नांगर उचलून केव्हाच निघालं होतं, आणि माझ्या केबिनमध्ये माझा रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी आलेला सेकंड ऑफिसर, होता. सज्जन माणूस, हॅंडओव्हरच्या वेळी प्रत्येक चार्टची करेक्शन तपासून घेणारा.

पाचव्या दिवशी घरी त्याचा मेसेज आला. समुद्र जरा चढलाय, बाकी ठीक. एकच विचारायचं होतं, केबिनमध्ये रात्री कसला तरी आवाज येतो, तुला कधी आला होता का?

मी बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग लिहिलं: "पॅनेल सैल झालं असेल."